पणाला लागलेला कोयता

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे ‘धम्म आणि आजचा तरुण’. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा. म्हणून त्यातला एकच धागा आम्ही धरणार आहोत, तो जुगाराचा. दारूवर आपल्या विहारात पुष्कळदा बोललं जातं, आणि बोललंच पाहिजे. पण जुगाराचा विषय काढला की सभेत खोकला सुरू होतो. दारू प्यालेला माणूस रस्त्यानं जाताना दिसतो, त्याचा वास येतो. जुगार खेळून आलेला माणूस मात्र इस्त्रीच्या कपड्यात सरळ चालत घरी येतो. घरातल्या बाईला कळतं ते डब्यातले पैसे संपल्यावर.

काही शहाणी मंडळी आम्हाला विचारतात, “तुम्ही रोज पंचशील घेता, त्यात जुगार कुठाय? बावीस प्रतिज्ञांत तरी कुठाय?” खरं आहे. चोरीला, खोटेपणाला, व्यभिचाराला, दारूला तिथं जागा आहे, जुगार हा शब्द नाही. पण पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचं स्थान म्हटलं आहे. म्हणजे माणूस बेसावध होतो ती जागा. धुंदी काय फक्त बाटलीतच असते काय? आणि शब्दच पाहिजे असेल तर तोही आहे.

भगवंत राजगृहाजवळच्या वेळुवनात राहत होते. सिगाल नावाचा एका गृहपतीचा मुलगा सकाळी ओल्या कपड्यांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडत होता. का, तर बापानं मरताना सांगितलं होतं म्हणून. भगवंतांनी त्याला सहा दिशा म्हणजे आईबाप, गुरू, बायकामुलं, मित्र, नोकरचाकर आणि श्रमण असा अर्थ समजावला, आणि त्याच्याही आधी पैसा वाहून जाण्याची सहा दारं सांगितली. नशापाणी, अवेळी रस्त्यानं भटकणं, तमाशे-खेळांच्या मागं फिरणं, जुगार, वाईट संगत आणि आळस. हा उपदेश दीघनिकायात आहे. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात तो घेतला आहे. म्हणजे आपल्या घराघरांत हे पुस्तक आहे आणि त्यात हा शब्द आहे.

जुगाराचे सहा परिणाम भगवंतांनी तिथं सांगितले आहेत. जिंकला तर वैर पदरात पडतं. हरला तर गेलेल्या पैशाचा शोक लागतो. हातातलं धन लगेच जातं. चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि सहावा म्हणजे त्याला कुणी मुलगी देत नाही, कारण जुगारी माणूस बायको पोसू शकत नाही.

पहिले तीन सगळ्यांना माहीत आहेत. चौथा मात्र आपण नीट पाहत नाही. ज्याच्याकडं जमीन नाही, दुकान नाही, बँकेत ठेव नाही, त्याच्याकडं भांडवल कुठलं असतं? शब्द. किराणा दुकानदार उधार देतो ते शब्दावर. बचत गटात चार बाया कर्जाला उभ्या राहतात त्या शब्दावर. मुकादम उचल देतो तीही शब्दावर. श्रीमंताचा शब्द गेला तर त्याची जमीन शिल्लक राहते. आपला गेला तर मागं काही उरत नाही.

आता उचलीकडंच येऊ, कारण आपल्या बीड जिल्ह्यात जुगाराचा विचार उचल सोडून करताच येत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं. जाण्याआधी मुकादम उचल देतो. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, आणि उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे दोघांना. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढंपर्यंत आकडा जातो. वर्षात एवढी रक्कम घरात एकदाच येते. मुलीचं लग्न, आईचं दुखणं, गेल्या वर्षीची बाकी, पत्रे बदलायचे, सगळं तिच्यातून. आणि तिरटवाले, मटक्यावाले यांनाही आपल्या गल्लीत पैसा कोणत्या महिन्यात येतो हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तिर्रटचे डाव कसे फुलतात ते बघा. पोळा असतो म्हणून फुलतात असं नाही, पैसा असतो म्हणून फुलतात.

हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एखाद्यानं एका रात्रीत दहा हजार घालवले, तर ते फेडायला सत्तावीस टनांच्या वर ऊस तोडावा लागतो. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोघांचे दोन ते अडीच आठवडे गेले. पहाटे थंडीत फडात उतरायचं, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची, रात्री कोपीवर येऊन तिनंच भाकरी थापायची. हे अडीच आठवडे दोघांचे गेले आणि पत्ते एकटाच खेळला.

आमचं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. पुरुष म्हणतो, “माझे पैसे, मी हरलो.” तुझे कसे? त्यात अर्धा कोयता तिचा आहे. आणि ते पैसे अजून कमावलेलेसुद्धा नाहीत, पुढच्या सहा महिन्यांच्या घामाची ती आगाऊ किंमत आहे. म्हणजे डावावर नोट पडते तेव्हा प्रत्यक्षात पडते ती बायकोची पाठ, तिचे हात. खाडा झाला तर पैसे कापले जातात म्हणून बाया दुखणं अंगावर काढतात. गर्भपिशव्या काढून टाकलेल्या ऊसतोड बायांचा प्रश्न २०१९ साली आपल्याच जिल्ह्यातून सगळ्या राज्यात गाजला, तो आपण विसरलेलो नाही. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडं जावं लागतं, आणि शाळेतलं पोर धाकट्याला सांभाळायला कोपीवर जातं.

महाभारतातली ती सभा आठवा. धर्मराज म्हणवणाऱ्यानं राज्य लावलं, भाऊ लावले, स्वतःला लावलं आणि शेवटी बायको लावली. द्रौपदीनं भर सभेत विचारलं, स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क होता काय? एवढी विद्वान मंडळी बसली होती, एकालाही नीट उत्तर देता आलं नाही. आपल्या गल्लीतल्या बाईनं तोच प्रश्न विचारला तर आपल्याला तरी देता येतं काय?

काही मंडळी लगेच म्हणतात, “हे लोक असेच. पैसा आला की उडवणार.” हे ऐकून घ्यायचं कारण नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात एका जुगाऱ्याचं दुःख आलं आहे. त्याची बायको दुरावली आहे, सासू त्याचा द्वेष करते आहे, आणि तरी फाशांचा आवाज आला की त्याचे पाय तिकडं वळतात. ते फासे बेहड्याच्या फळांचे असत. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातसुद्धा बेहडा आहे, पण हे सूक्त काही आपल्या पूर्वजांनी रचलेलं नाही! रोग सगळ्यांचा आहे. फरक कायद्याच्या नजरेत आहे. १८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं पिंपळाखाली पत्ते कुटणाऱ्याला पोलीस धरून नेतात, आणि परवाना असलेल्या घोड्यांच्या शर्यतीवर टाय लावून पैज मारणारा सन्मानानं घरी जातो.

मटक्याचं शास्त्रही एकदा समजून घ्या, कारण ते समजलं की निम्मी भुरळ उतरते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला तारेनं येत, त्यावर लोक पैजा लावत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं. मग १९६२ साली वरळीला कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यातून काढत म्हणून मटका, पुढं पत्ते काढू लागले. गिरणगावातल्या कामगारांत तो पसरला. आपलीही पुष्कळ माणसं तेव्हा गिरण्यांत होती, चाळींत राहत होती. सुट्टीला गावी येताना पेटीत जसे कपडे आले तसा आकडाही आला.

दहा आकडे आहेत, शून्य ते नऊ. आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. आता दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. शंभर जमले. एकाला नव्वद मिळाले, नऊ जण रिकामे गेले, आणि दहा रुपये बुकीकडं राहिले. आकडा कोणताही येवो, सरासरीनं त्याचे दहा सुटतातच. जोडीचंही असंच, शंभर जोड्या आणि भाव नव्वदच्या आसपास. ते नव्वद पुन्हा खेळा, त्यातले नऊ जातील. असं फिरवत राहिलात तर सातव्या फेरीपर्यंत सरासरीनं शंभराचे निम्म्याहून कमी राहतात. जो जिंकला तो आपल्या गल्लीत पेढे वाटतो, म्हणून तो दिसतो. हरलेले नऊ जण काय वाटणार? ते गप्प बसतात. म्हणून गल्लीला वाटतं, लोक जिंकतात बरं का.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. १९५६ नंतर आपण देव्हाऱ्यातले देव काढले, नवससायास सोडले, अंगारे-धुपारे सोडले. आणि आकडा सांगणारा बाबा? त्याच्याकडं आपली माणसं जातातच. स्वप्नात साप आला तर कोणता आकडा, मयत दिसलं तर कोणता, याची गणितं मांडतात. विहारात येऊन बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या आणि संध्याकाळी बाबाच्या बडबडीतून पाना शोधायचा. ही कसली मुक्ती?

तिर्रटचं गणित वेगळं. तिथं पैसे एकमेकांचे एकमेकांकडं जातात असं वाटतं. पण ज्याच्या खोलीत डाव बसतो तो प्रत्येक डावातून नाल काढतो. रात्रभरात नाल किती निघाली ते पहाटे मोजा. खेळणाऱ्या सातांपैकी कुणी जिंको, नालवाला रोज जिंकतो. आणि त्याच्याच ओळखीचा सावकार बाहेर ओट्यावर बसलेला असतो.

हे आपल्याच वाट्याला आलं आहे असंही नाही. पूर्व विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरकडं गोंड आणि इतर आदिवासी बांधवांच्या गावांत कोंबड्यांच्या झुंजी होतात. मूळ खेळ गावचा, सुगीनंतरचा. ज्याचा कोंबडा हरला त्याचा कोंबडा जिंकणारा घेऊन जाई, संध्याकाळी त्याची भाजी होई. पुढं त्याचा कोंबडबाजार झाला. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधायची, बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन यायचे, नोटांच्या पैजा लागायच्या, बाजूला दारू. प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं झुंजी लावणं गुन्हा आहे, तरी आडरानात बाजार भरतात. खेळ आदिवासींचा, कोंबडा आदिवासींचा, आणि धानाचा पैसा जातो दुसऱ्याच्या गाडीतून.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांमध्ये अभ्यासकांना हेच दिसलं. ते झाडाखाली गोल करून पत्ते खेळत, पैसा एकाकडून दुसऱ्याकडं जाई, पण राही गोलातच. जिंकणारा नातेवाइकांत वाटून टाकी. मग शहरातली जुगाराची यंत्रं आली. यंत्राला नातेवाईक नसतात. त्यात पडलेलं नाणं वस्तीत परत येत नाही. अमेरिकेत आणखी वेगळं घडलं. तिथल्या मूळ जमातींना १९८८ च्या कायद्यानं आपल्या राखीव भूमीवर जुगारघरं चालवण्याची चौकट मिळाली. काही जमातींनी त्यातून शाळा, दवाखाने उभे केले, शहरापासून दूर असलेल्या पुष्कळ जमातींच्या हाती फार काही लागलं नाही. आणि जुगाराचं व्यसन लागण्याचं प्रमाण त्या लोकांत इतरांपेक्षा जास्त आढळलं. जमातीची जुगारघराची मालकी असूनही हे झालं. आपल्याकडं तर मालकीही आपली नाही.

आता मोबाईल. अड्डा शोधत जाण्याची गरज राहिली नाही, अड्डा खिशात आला. रमी, तीन पत्ती, क्रिकेटच्या पैजा. सुरुवातीला फुकटचे शंभर रुपये देतात, दोन डाव जिंकू देतात. हरलं की लगेच कर्ज देणारं ॲप हजर. कोपीवरचा मुलगा, दवाखान्याच्या दारातला रिक्षावाला, परीक्षेची तयारी करणारा आपला पदवीधर पोरगा, सगळे यात आले. केंद्र सरकारच्याच अंदाजानं देशातले ४५ कोटी लोक यात वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये हरत होते. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला बळी मानलं आहे. हे आई-बापांनी लक्षात ठेवावं. पोलिसांच्या भीतीनं मुलगा लपवतो, तुम्हीही लपवता, आणि कर्ज वाढत जातं. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड.

आणि व्यसन लागलेल्याला मारून, शपथा घालून ते सुटत नाही. वैद्यकशास्त्र जुगाराचं व्यसन हा मनाचा आजार मानतं. आपल्याच गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. जिल्ह्याबाहेरून लोक तिथं येतात आणि आपण मात्र “लोक काय म्हणतील” म्हणून दारावरून परततो. जायला लाज वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

देण्याबद्दलही थोडं. जुगारात हरलेल्या पैशाचा करार १८७२ च्या करार कायद्यात, कलम ३० प्रमाणे, रद्दबातल आहे. म्हणजे “तू माझं देणं आहेस” म्हणून कुणी दारात आला तर त्याला कोर्टातून ते वसूल करता येत नाही. बायकोचं मणी-मंगळसूत्र, घराचा उतारा असलं काही त्याच्या हातात देऊ नका. आणि परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा महाराष्ट्र सावकारी कायदा, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज करता येतो. एकट्यानं जाऊ नका, विहाराची चार माणसं सोबत न्या. एकट्या माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

शेवटी सिगालाकडंच परत जाऊ, कारण त्याच उपदेशात पैशाचा हिशेबही सांगितला आहे. मिळकतीचे चार भाग करायचे. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा संकटासाठी बाजूला. उचलीला हे लावून पाहा. उचल तर पुढची मजुरी, तिच्यात नफा कुठला, असं कुणी म्हणेल. तरी आधी गेल्या वर्षीची बाकी, मग घर, मग मुलांची शाळा, आणि थोडं तरी बायकोच्या नावावर पोस्टात, एवढी वाटणी टोळी निघण्याआधी कागदावर झाली तर पत्त्यांच्या डावाला उरणारे पैसे आपोआप कमी होतात.

महिला मंडळाच्या बायांशी आम्ही काल बोललो. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं, ते तुमच्यापुढं ठेवतो. यंदा उचल घेताना नवराबायको दोघं हजर राहतील. मुकादमाच्या वहीत दोघांचा अंगठा किंवा सही होईल. आकडा किती ठरला ते बाई आपल्या वहीत लिहून घेईल, लिहिता येत नसेल तर शाळेतली मुलगी लिहील. जमेल त्या घरी रक्कम बाईच्या बँक खात्यात येईल. एखादा मुकादम “बाईमाणसाचं काय काम” म्हणेल, त्याला विचारायचं, ऊस तोडताना बाईमाणूस चालतं ना? पहिली दहा-बारा घरं तयार आहेत, नावं त्या देतील. बाकीच्यांनी खीरदान झाल्यावर विहाराच्या ओट्यावर थांबावं, तिथं वही ठेवली आहे. पुरुष मंडळींनीही थांबावं, नुसतं बायांना पुढं करून निघून जाऊ नये.

भंतेजींची धम्मदेसना व्हायची आहे, त्यांचा वेळ आम्ही घेतला. जयभीम.